आमच्या विहिरीचे राजदूत

दिवेकरसाहेबांना नऊ भाषांत 'नाही' म्हणता येतं, आणि एकाही भाषेत ते म्हणत नाहीत.

हे मी कौतुकाने सांगतोय असं कोणी समजू नये. तुम्ही श्रीवर्धनला राहत असाल, सकाळी दारावर कोळीण उभी असेल आणि शेजारच्या ओटीवर हे गृहस्थ असतील, तर तुमचंही मत माझ्यासारखंच होईल. कोळीण विचारते, "सायेब, पापलेट देऊ काय?" साहेब चष्मा पुसतात. पाटीत डोकावतात. पापलेटाच्या डोळ्याला डोळा भिडवतात. मग म्हणतात, "तुमच्या प्रस्तावाकडे मी सहानुभूतीने पाहतो आहे." ती बिचारी उभी. ऊन चढतंय. साहेब पुढे म्हणतात, "मात्र एकूण परिस्थिती लक्षात घेता यावर योग्य वेळी विचार होईल." शेवटी ती पाटी डोक्यावर घेते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडते, "घ्यायचा हाय का न्हाय, ता येक काय ता बोला ना! माजा म्हावरा कुजला!"

या प्रकाराला साहेब 'संवाद सुरू राहिला' असं म्हणतात.

अच्युत दिवेकर मूळचे आमच्याच आळीतले. वडील इथल्या पोस्टात होते. शाळा संपल्यावर मुलगा मुंबईला गेला, कसलीशी मोठी परीक्षा पास झाला आणि परराष्ट्र खात्यात लागला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सरकारने त्यांना बहुतेक काळ देशाबाहेर ठेवलं. सरकारने काही गोष्टी विचारपूर्वक केल्या असतील तर त्यातली ही एक. तिसरे सचिव, दुसरे सचिव, पहिले सचिव असं उलटं मोजत मोजत ते वर चढले आणि अगदी शेवटी एका देशाचे राजदूत झाले. तो देश मी नकाशात शोधला. माझा चष्मा जवळचा होता की देश लांबचा होता कोण जाणे, पण मला सापडला नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "आकाराने लहान, पण भावनेने फार मोठा देश." म्हणजे त्यांनाही नीट दाखवता आला नाही.

या सगळ्या काळात त्यांनी एकही युद्ध थांबवलं नाही आणि, त्यांच्या बाजूने हेही सांगायला हवं, एकही सुरू केलं नाही. त्यांच्या गोष्टी ऐकल्या तर त्यात कधी काही घडतच नाही. "आम्ही रात्रभर मसुद्यावर बसलो होतो." मग? "मग सकाळी नाश्ता झाला." करार? "करार पुढच्या वर्षावर गेला. पण वातावरण फार चांगलं झालं होतं." एका देशात म्हणे मेजवानीला कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचं यावर पूर्ण हिवाळा गेला. शेवटी सगळे उभ्याने जेवले. हे सांगताना साहेबांचा चेहरा असा खुलतो, की पानिपतावरून जिंकूनच परत आलेत.

भाषेचंही तसंच. एखादी भाषा नीट बोलता यायला लागली की यांची बदली. त्यामुळे फ्रेंचमध्ये शिंकतात, फारसीत आकडे मोजतात, रशियनमध्ये मांजराला हाकलतात आणि पोर्तुगीजमध्ये आमच्या सगळ्यांचं जिणं हराम करतात. कारण मराठीतले निम्मे शब्द पोर्तुगिजांनी दिले अशी त्यांची समजूत आहे. तुम्ही वाण्याकडे बटाटे मागितले की शेजारून आवाज येतो, "बटाटा. पोर्तुगीज." चावी हरवली म्हणून तुम्ही घाम पुसत अंगणात चाचपडताय, "चावी. पोर्तुगीज." शोधू लागणार नाहीत. फक्त ती कोणाची आहे ते सांगतील.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला सुनंदा येते. ती यांना पुरून उरते. एकदा ती म्हणाली, साहेब, पगाराचं बघा. साहेब म्हणाले, "पगार हासुद्धा पोर्तुगीज शब्द, बरं का सुनंदा." ती म्हणाली, "मंग गोव्याला जाऊ का मागायला?"

आमच्या मोहल्ल्यातल्या इक्बालभाईंनी आयुष्य कुवेतमध्ये ट्रक चालवण्यात घालवलं. साहेबांना ते कळल्यावर एका संध्याकाळी समुद्रावर त्यांना गाठून साहेबांनी अरबी सुरू केली. काय ती अरबी! गळ्याच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून शब्द येत होते. इक्बालभाईंनी हातातली चप्पल खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि अदबीने ऐकत उभे राहिले. साहेब थांबल्यावर म्हणाले, "माशाल्ला. पण साहेब, तुमची अरबी मशिदीतल्या मिंबरवरची. माझी स्टेअरिंगवरची. मला आपलं 'बाजूला घे' आणि 'काच फुटली' एवढंच येतं."

मला मात्र एकदा या माणसाच्या भाषांचा उपयोग होईल असं वाटलं. माझी सुपारीची वाडी आहे, आणि वाडीत दोन खोल्या काढून 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लावली आहे. एकदा त्या पाटीला भुलून फ्रान्सचं एक जोडपं आलं. माझं इंग्रजी त्यांना कळेना, त्यांचं इंग्रजी मला कळेना, म्हणून मी धावत जाऊन साहेबांना घेऊन आलो. केवढा शहाणा मी! साहेब आले, खुर्चीत बसले, आणि त्या तिघांचं जे गुळपीठ जमलं ते जमलंच. सुरमई तळून थंड झाली. सोलकढीवर माशी बसली. त्या बाईच्या आजीच्या गावच्या चर्चची घंटा कुठल्या सुरात वाजते, इथवर विषय गेला म्हणे. शेवटी साहेबांनी त्यांना स्वतःच्या घरी राहायला नेलं. फुकट! आठवडाभर ती दोघं साहेबांच्या ओटीवर बसून हसत होती आणि मी कुंपणाआडून माझं गिऱ्हाईक बघत होतो. जाताना ती दोघं मला प्रेमाने हात करून गेली. मीही केला. काय करणार?

घरच्या माणसांबद्दल विचारलं तर साहेब म्हणतात, "त्या आघाडीवर परिस्थिती स्थिर आहे." दिवेकरबाई गेल्या त्याला काही वर्षं झाली, मुलगा बर्फाच्या कुठल्याशा देशात आहे, एवढं आळीला सुनंदाकडून माहीत. आणि आळीला एवढं पुरतं.

तर अशा माणसाच्या हाती मी माझी विहीर दिली.

विहीर माझी एकट्याची नाही, तिथूनच सगळी बोंब. आजोबांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वाडीचे दोन भाग झाले, पूर्वेचा माझ्या वडिलांना, पश्चिमेचा काकांना. विहीर नेमकी मधल्या गडग्यावर, दगडी बांधावर. पाणी एक दिवस त्यांचं, एक दिवस आमचं. असं सगळं आयुष्य चाललं. मग ते वादळ आलं आणि सबंध वाडी झोपवून गेलं. आजोबांनी लावलेल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. मी आणि माझा चुलतभाऊ दिगू, आम्ही दोघांनी पुन्हा रोपं लावली. पोफळ लावली की वर्षानुवर्षं नुसती पोसायची असते. तिला उन्हाळ्यात पाणी चुकलं की ती काही बोलत नाही, मान टाकते. आमच्या वयात दुसऱ्यांदा रोपं लावणारा माणूस तिसऱ्यांदा लावत नसतो. म्हणजे ही जगली तर वाडी, नाहीतर प्लॉट.

आणि त्याच वेळी दिगूने महाडहून राक्षसासारखी मोटर आणून बसवली. त्याच्या पाळीला ती सगळी विहीर तासाभरात पिऊन टाकायची. दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीला तळाला बेडूक आणि चिखल. मी बोललो, तो बोलला, माझी बायको बोलली, त्याची बोलली. शेवटी मी ठरवलं की आता बोलायचं नाही, करायचं. एका भर दुपारी, सगळं श्रीवर्धन जेवून डाराडूर असताना, मी विहिरीत उतरलो आणि दिगूच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह काढून पाण्यात सोडून दिला. म्हणजे पाइपात पाणी चढायलाच नको. वर बघतो तर दिगू काठावर उकिडवा बसलेला. म्हणाला, "चालू दे, चालू दे." मी म्हटलं, "लाज वाटत नाही बघत बसायला?" तो म्हणाला, "बाळ्या, पाइप तुझा हाय रं तो."

त्यावरून जी बाचाबाची झाली ती ऐकून साहेब आले. हॅट, काठी, बंद गळ्याचा शर्ट. गडग्याशी उभे राहून दोघांचं ऐकून घेतलं. आणि मग, अंगात आल्यासारखे ताठ होत म्हणाले, "उभय पक्षांची हरकत नसेल तर मी माझी सदिच्छा मध्यस्थी देऊ करतो."

मी लगेच हो म्हटलं. कारण आदल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे फणसाची भाजी पाठवली होती. दिगूनेही हो म्हटलं. त्याने शहाळी पाठवली होती, हे मला मागाहून कळलं.

दर सोमवारी दुपारी चार वाजता साहेबांच्या ओटीवर बैठक ठरली. पहिली अट: दोन्ही पक्षांनी वेगवेगळ्या दाराने यायचं. मी पुढच्या, दिगूने मागच्या. दिगू म्हणाला, मागच्या दारात शेणखताचा ढीग आहे, मी काय म्हणून? त्यामुळे पहिली बैठक दारांवरच संपली. साहेबांना तिचा काय आनंद! "उत्तम सुरुवात," म्हणाले. दुसऱ्या बैठकीत टेबल. लांबट टेबल नको, त्याला टोक असतं, आणि टोकाला बसणारा मोठा ठरतो. गोल टेबल साहेबांकडे नव्हतं. मग सुनंदाच्या पोळपाटापासून गॅलरीतल्या कुंडीच्या स्टँडपर्यंत सगळ्या गोल वस्तूंचा विचार झाला.

दुसरी अट: पक्षांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. मी साहेबांना सांगायचं, साहेब दिगूला सांगणार. दिगूने साहेबांना सांगायचं, साहेब मला. सगळं मराठीतच. तीन फुटांवर बसलेला माणूस मला काय म्हणाला ते मला साहेबांकडून कळायचं.

दिगू म्हणाला, "ह्याच्या बापानं तरी कधी ही विहीर उपसली व्हती काय? गाळ काढायला आमी, आनि पानी प्यायला हे!"

साहेब माझ्याकडे वळले. "पश्चिमेकडचा पक्ष काही ऐतिहासिक दाखल्यांकडे तुमचं लक्ष वेधू इच्छितो."

मी म्हटलं, "सांगा त्या माकडाला, की त्याच्या बापाला दमा होता म्हणून गाळ आम्हीच काढला!"

साहेब दिगूकडे वळले. "पूर्वेकडच्या पक्षाने प्राणिसृष्टीचा एक दाखला देऊन तुमच्या वडिलांच्या प्रकृतीविषयी आस्था व्यक्त केली आहे."

"माकड म्हनाला तो मला! ऐकला मी!"

"ते अनौपचारिक होतं."

मध्ये चहा. चहाबरोबर एकदा काचेच्या वाटीत हिरवी गोल फळं आली. दिगूला वाटलं करवंदं. त्याने मूठभर तोंडात टाकली आणि तसाच उठून शेणखताच्या ढिगाकडे गेला. साहेब हळहळले. म्हणाले, त्या ऑलिव्हांवर एकदा दोन सरसेनापतींचा समेट झाला होता. मी विचारलं, टिकला का? म्हणाले, "वातावरण फार चांगलं झालं होतं."

इथवर गंमत होती. तिसरी अट मात्र आमच्या मानेवर बसली. साहेबांनी जाहीर केलं, की वाटाघाटी चालू असेपर्यंत परिस्थिती जैसे थे. कोणीही एकतर्फी पाऊल उचलायचं नाही. एकतर्फी पाऊल म्हणजे काय? मोटर. दिगूचीही बंद, माझीही बंद. आम्ही दोघेही शेर, दोघांनीही 'त्याची बंद होत असेल तर माझीही करतो' म्हणून मान डोलवली. परिणाम असा, की चैत्रात विहीर आधी कधी नव्हे इतकी भरून राहिली. वरच्या पायरीपर्यंत गार, निळं, नितळ पाणी. आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वाड्या करपत चाललेल्या.

येणारा जाणारा थांबून बघायचा. आमची ही तर रोज संध्याकाळी रोपांतून फिरून यायची आणि पदराने वारा घेत विचारायची, "झालं का तुमचं कलम पहिलं? का रोपांच्या बाराव्याची तयारी करू?"

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, रोपं मरताहेत हो. हो की नाही, काय तो निकाल द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तुमची निकड मी समजू शकतो. पण घाईने झालेले समझोते टिकत नाहीत. आपण आज प्रस्तावनेतल्या दुसऱ्या वाक्यापर्यंत आलो आहोत." आणि सुनंदाला हाक मारून आणखी चहा सांगितला. मनात म्हटलं, या माणसाला पाण्याशी काही देणंघेणं नाही. आमची वाडी म्हणजे याला म्हातारपणी मिळालेलं खेळणं आहे. मला संताप आला आणि मी तो माझ्या पद्धतीने व्यक्त केला. म्हणजे घरी येऊन बायकोशी भांडलो.

दुसऱ्या दिवशी मी बंडखोरी केली. मोटर लावली तर आवाज होणार, म्हणून दुपारी सामसूम झाल्यावर हंडा नि कळशी घेऊन चोरासारखा विहिरीवर गेलो. वाकून कळशी बुडवली, तर पलीकडच्या पायरीवर दुसरी कळशी बुडत होती. वर दिगू.

दोघेही थिजलो. आपापल्या विहिरीवर, आपापलं पाणी, चोरून. कोण आधी हसलं माहीत नाही. पण मग जे हसत सुटलो ते पायरीवर बसून, पोट धरून. दिगूचा हंडा गडगडत पाण्यात गेला. ओरडायची सोय नव्हती, शेजारी साहेब वामकुक्षी घेत होते, म्हणून तोंडावर पंचे धरून हसलो.

"पूर्वेकडचा पक्ष!" दिगू म्हणाला.

"एकतर्फी पाऊल!" मी म्हटलं.

"बाळ्या, सायेब आपल्याला मारनार रं. रोपांच्या आधी."

मग त्याने खरं सांगितलं. ती राक्षसी मोटर तळाचा गाळ ओढते आणि त्याच्या ठिबकच्या सगळ्या नळ्या चोंदल्या आहेत. कधीची काढायची आहे, पण मी भांडायला आल्यावर कशी काढणार? मी म्हटलं, मी तरी भांडायला का आलो असतो, तू सांगितलं असतंस तर. सावली गडग्यावरून खाली सरकायच्या आत सगळं ठरलं. जुनी लहान मोटर लावायची. सकाळी उन्हं वाडीत शिरेपर्यंत दिगूने ओढायचं. दुपारभर विहिरीला झोपू द्यायचं, झरे भरतात. संध्याकाळी मी. रोज. दिगूने पडलेला एक नारळ उचलला, काठावर आपटून फोडला, एक कवड त्याने खाल्ली, एक मी. झाला करार. प्रस्तावना नाही, पहिलं वाक्यही नाही.

रोपांनी माना वर केल्या. साहेबांना आम्ही बोललो नाही. आधी भीतीने, मग मजेखातर. सोमवारी तोंडं पाडून जायचं, वेगवेगळ्या दाराने शिरायचं, दोन शिव्या द्यायच्या, दोन घ्यायच्या, ऑलिव्ह टाळून चहा प्यायचा आणि बाहेर येऊन सगळ्या आळीला नक्कल करून दाखवायची. मी नकला बऱ्या करतो. "पापलेटाकडे सहानुभूतीने" तर एसटी स्टँडपर्यंत पोचलं होतं. दोन भाऊ पुन्हा एका तोंडाने बोलायला लागले ते या माणसाची टिंगल करायला.

पण टिंगलीचाही कंटाळा येतो. मृग जवळ आला, शाकारणीची कामं निघाली, आणि दर सोमवारची अख्खी दुपार घालवायची कोणी? दिगू म्हणाला, सांगून टाकू. बोलायचं वाक्यसुद्धा आम्ही बसवलं होतं: "साहेब, तुम्ही महिनोन्महिने जे केलं नाहीत ते आम्ही एका नारळात उरकलं." ते दिगूने म्हणायचं, मग मी साहेबांच्या आवाजात म्हणायचं, "वातावरण फार चांगलं झालं आहे." असं ठरवून मधल्याच एका वारी, गुरुवारी, बाजारातून दिगूच्या स्कूटरवर परतताना आम्ही थेट साहेबांकडे वळलो.

फाटकाशी स्कूटर बंद केली आणि ओटीवरून मला माझा आवाज ऐकू आला.

"दिग्या, तुझ्या मोटरला लाज नाही, आणि तुला तर जन्मापासूनच नाही! हं!"

हे मी मागे कधीतरी बोललो होतो. वाक्य संपवताना मी नाकातून 'हं' काढतो असं आमची ही म्हणते. मी ते कधी मान्य केलेलं नाही. तो 'हं' तिथे होता. लगेच दिगूचा आवाज आला, थेट दिगूचाच, तो मध्येच खाकरतो तशा खाकरण्यासकट, "ए बाळ्या, पाइप वळख आदी सोताचा, मंग बोल!" आणि त्यावर तो तिसरा, गुळगुळीत आवाज, "पश्चिमेकडचा पक्ष तांत्रिक तपासणीची सूचना करतो आहे."

आणि मग कोणीतरी हसलं. मोकळं, पोटातून. ते हसू आम्ही कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं ते कळायला क्षण लागला.

कुंपणाच्या फटीतून बघितलं. टेबलावर इस्त्रीचा कपडा. तीन कप. तिन्ही खुर्च्या बैठकीला असतात तशा मांडलेल्या. साहेब माझ्या खुर्चीत बसून माझं बोलायचे, मग टेबलाला हात टेकत, गुडघा सांभाळत उठायचे, दिगूच्या खुर्चीत जाऊन दिगूचं बोलायचे, आणि परत मधल्या खुर्चीत येऊन भाषांतर करायचे. ज्या माणसाला साधी दोन वाक्यं सरळ मराठीत बोलता येत नाहीत म्हणून मी गावभर हसत होतो, तो माझ्यापेक्षा चांगली माझी नक्कल करत होता. आणि ती ऐकायला ओटीवर कोणी नव्हतं.

दिगू कुजबुजला, "लागीर झालं काय रं सायबाला?"

दोरीवरचे कपडे काढत सुनंदा आमच्या अगदी जवळच उभी होती. तिने वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "रोजचंच हाय ता, तुमी वाडीत असता तवा. सोमवारी तेवढं तुमी येता, म्हनून सायबांना एका खुर्चीत बसून ऱ्हायाला मिलतं."

आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. पण दिगूचा धक्का लागून स्कूटर कलंडली, आणि साहेब दचकून उठले. कॉलर सारखी केली. आमच्याकडे बघितलं. आडव्या स्कूटरकडे बघितलं. पुन्हा आम्हा दोघांकडे.

"आज गुरुवार आहे," म्हणाले. आणि जरा थांबून, "दोन्ही पक्ष एकाच वाहनाने."

दिगूने घाईघाईने स्कूटर उभी केली.

"म्हणजे प्रगती झाली," ते म्हणाले. हसले. "फार आनंद आहे. अशा वेळी मध्यस्थाने बाजूला व्हायचं असतं, तो संकेतच आहे." आणि एका हाताने त्यांनी माझी खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग दिगूची सरकवायला वळले.

दिगूने तोंड उघडलं. मी डोळे मिटले. ते बसवलेलं वाक्य आता येणार आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

"कसली प्रगती घेऊन बसलाव सायेब!" दिगू ओरडला. "माजी स्कूटर ह्याच्या बापाची असल्यागत बसला मागं! आनि वर म्हनतो, गडग्यावरचा माड माजा हाय!"

मी असं जन्मात म्हटलेलं नाही. तो माड दिगूचा आहे, हे त्या माडालाही माहीत आहे. मी आ वासून बघत राहिलो तेव्हा त्याने माझ्या पायावर पाय दिला.

"माझाच आहे!" मी म्हटलं. "आजोबांनी मला बारशाला दिलाय तो! हं!"

साहेबांचा हात दिगूच्या खुर्चीवर तसाच राहिला. "हा मुद्दा," ते सावकाश म्हणाले, "याआधी कधी पटलावर आला नव्हता."

"लपवून ठेवला व्हता ह्यानं! आतल्या गाठीचा हाय!"

साहेब आम्हा दोघांकडे बघत राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर देशोदेशीच्या लबाडांचे चेहरे वाचले, त्याच्यापुढे आम्ही दोन श्रीवर्धनचे पोफळीवाले काय लपणार? त्यांनी वाचलं. वाचताना मला दिसलं. मग त्यांनी ती खुर्ची हळूच परत बाहेर ओढली. मला वाटलं, आता सदिच्छा येणार, उभय पक्ष येणार, योग्य वेळ येणार.

साहेब म्हणाले, "उद्या येता का? सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"

घरी न शिरता आम्ही स्कूटर तशीच पुन्हा बाजाराकडे काढली आणि आळीच्या वळणावर आलो. मग दिगूने मान अर्धी वळवली.

"बाळ्या, माड किती दिवस पुरंल?"

"ताणला तर आषाढापर्यंत."

"मंग?"

"तुझ्या पन्हळीचं पाणी माझ्या खळ्यात पडतं."

"न्हाय पडत."

"नाही पडत रे. पण पडतं असं म्हणू."

दिगूने विचार केला. "चालंल. त्याच्यावर दिवाळी निघंल." आणि स्कूटरचा वेग कमी करून म्हणाला, "पन बाळ्या, उद्या जरा तोंड सोडून शिव्या घाल. गेल्या बैठकीत तू लय सभ्य बोललास. सायबाला भाषांतर करायला कायच उरलं न्हाय."